गॅप भरली म्हणजे पेशी चालल्या का? प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर पीटेनचा परिणाम तपासताना

एम.एस्सी.चे प्रकल्प संपत आले की दरवर्षी एक फोटो माझ्या टेबलावर येतो. डावीकडे प्रोस्टेट कर्करोगाच्या साध्या पेशी. त्यांच्या थरावर ओढलेला ओरखडा चोवीस तासांत जवळजवळ बुजलेला. उजवीकडे त्याच पेशी, पण पीटेन हे गाठ रोखणारं प्रथिन घातलेल्या. तिथे ओरखडा अर्धा उघडाच. खाली एक वाक्य: 'पीटेनमुळे कर्करोगाच्या पेशींचे स्थलांतर कमी होते.' हे वाक्य खरं असण्याची शक्यता भरपूर आहे, पण तो फोटो ते सिद्ध करत नाही.

पंचगंगेवर पसरलेली जलपर्णी कोल्हापुरातल्या प्रत्येकानं पाहिली आहे. आज घाटापाशी मोकळं पाणी असतं, काही दिवसांनी तिथेच हिरवा थर दिसतो. ती वाऱ्यानं सरकत आली, की कडेची रोपं वाढून, त्यांना पिलं फुटून थर पुढे आला? आधीचा आणि नंतरचा, असे दोनच फोटो हातात असतील तर उत्तर देता येत नाही. पेशींच्या ओरखड्याचंही तसंच आहे. मोकळी जागा पेशी चालत आल्यानं भरते, पेशी विभागून वाढल्यानंही भरते. आणि ती भरली नाही, तर पेशी चालल्या नाहीत, वाढल्या नाहीत किंवा निम्म्या मेल्या, यांपैकी काहीही झालेलं असू शकतं. गाठ रोखणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत हा घोटाळा हमखास होतो, कारण वाढ थांबवणं हेच त्यांचं मुख्य काम.

म्हणून हा प्रयोग कोणत्या क्रमानं करावा, कुठे थांबून तपासावं आणि शेवटी किती बोलावं, ते सविस्तर लिहिते आहे. प्रयोगशाळा लहान असली, यंत्रं मोजकी असली तरी हे सगळं जमतं.

पेशी चालते ती कशी

पैलवान पट काढायला पुढे जातो तेव्हा पुढचा पाय मातीत रोवतो, अंग पुढे ओढतो, मग मागचा पाय सोडवून घेतो. पेशीचंही साधारण तसंच. पुढच्या कडेला ॲक्टिनच्या तंतूंचं जाळं वाढतं आणि पातळ पदरासारखा भाग बाहेर येतो. तो पदर इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांमार्फत पृष्ठभागाला चिकटतो. मग पेशीचं अंग आकुंचन पावतं आणि मागचे चिकटबिंदू सुटतात.

पुढची बाजू कोणती, हे पेशीला कळावं लागतं. त्यासाठी पेशीपटलाच्या आतल्या बाजूला पिप-३ नावाचा मेद साठतो. तो तयार करतं पीआय-३-कायनेज हे विकर. पिप-३ जिथे जास्त, तिथे रॅकसारखी प्रथिनं जागी होतात आणि ॲक्टिनचं जाळं वाढू लागतं. त्याच पिप-३मुळे एकेटी हे प्रथिनही चालू होतं, आणि एकेटी पेशीला जगायला व वाढायला सांगतं. चालणं आणि वाढणं या दोन्ही वाटा एकाच नाक्यावरून फुटतात. आपल्या प्रयोगाची सगळी अडचण या नाक्यात आहे.

पीटेन या नाक्यावर उलट काम करतं. ते पिप-३वरचा तिसऱ्या जागेवरचा फॉस्फेट काढून त्याचं पिप-२ करतं. हे जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे, १९९७ मध्ये ते सापडलं, आणि त्यापासून बनणारं प्रथिन ४०३ अमिनो आम्लांचं आहे. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या केनेथ यामादा यांच्या गटानं दाखवलं की पीटेन वाढवलं की पेशींचं पसरणं, चिकटबिंदू आणि स्थलांतर कमी होतं. त्यांनी आणखी एक वाट पुढे आणली: पीटेन फक्त मेदावरचाच नव्हे, तर प्रथिनांवरचाही फॉस्फेट काढतं, आणि चिकटबिंदूंवरचं फॅक हे प्रथिन त्याचं एक लक्ष्य आहे. ते काम तंतुपेशी आणि मेंदूच्या गाठीच्या पेशींवर होतं. प्रोस्टेटच्या पेशींत तेच होतं असं गृहीत धरू नका, तपासा.

पीटेनखेरीज गाठ रोखणारी इतरही प्रथिनं आहेत. पी५३ प्रामुख्याने केंद्रकात बसून इतर जनुकं चालू-बंद करतं, त्यामुळे चालण्यावरचा त्याचा परिणाम बहुतांशी आडवळणाचा. शिवाय पी५३ घातल्यावर पेशी विभागायच्या थांबतात किंवा मरतात, म्हणून स्थलांतराच्या प्रयोगाला ते फार अवघड. ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. आणि काय-१, ज्याला सीडी८२ही म्हणतात, त्याची गोष्ट मला फार आवडते. १९९५ मध्ये ते प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर काम करतानाच सापडलं. उंदराच्या अंगात त्यानं मूळ गाठ लहान केली नाही, पण तिचं दूर पसरणं रोखलं. चिनी भाषेत 'कांग आय' म्हणजे कर्करोगविरोधी, त्यावरून हे नाव आलं. वाढ आणि पसरणं वेगळं करता येतं, याचं ते उत्तम उदाहरण. तुमच्या मार्गदर्शकांची परवानगी असेल तर पीटेनसोबत काय-१ही घ्या.

कोणत्या पेशी घ्यायच्या

नवखे विद्यार्थी प्रयोगशाळेत आधीपासून असलेल्या पेशी घेतात आणि मग प्रश्न शोधतात. उलटं करा. आपल्याला पीटेन घालून पाहायचंय, म्हणजे मुळात पीटेन नसलेली पेशी हवी. आणि पीटेन काढूनही पाहायचंय, म्हणजे ते असलेलीही हवी.

पीसी-३ या पेशींत पीटेनचं जनुकच गळालेलं आहे. पी५३ही नाही, आणि पुरुष संप्रेरकाचा ग्राहीही जवळजवळ नाही. या पेशी ६२ वर्षांच्या एका गृहस्थाच्या हाडात पसरलेल्या कर्करोगातून काढल्या, १९७९ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. प्रोस्टेटचा कर्करोग हाडात, विशेषतः कंबरेच्या मणक्यात पसरतो. माझे चुलते करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी दोन पावसाळे कंबरेला शेक घेत बसले होते. उसाची भांगलण अंगाला लागली असंच सगळ्यांना वाटलं. तपासणी झाली तेव्हा रोग मणक्यात होता. पीसी-३चा फ्लास्क हातात घेताना मला दर वेळी ते आठवतात, आणि विद्यार्थ्यांनाही मी सांगते की ही पेशी कुणाच्या तरी दुखण्यातून आली आहे, तिच्याबद्दल सैल विधान करू नका.

डीयू-१४५ या पेशी मेंदूत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगातल्या. यांत पीटेन प्रथिन आहे, मात्र पी५३ बदललेलं आहे आणि आरबी हे आणखी एक गाठ रोखणारं प्रथिन नीट काम करत नाही. पीटेन काढून पाहायला या चांगल्या.

एलएनकॅप या पेशी लसिकाग्रंथीतल्या. यांच्यात पी५३ शाबूत आहे, पीटेन मोडलेलं आहे, आणि संप्रेरकाला त्या प्रतिसाद देतात, म्हणून कागदावर त्या फार मोलाच्या वाटतात. पण ओरखड्याच्या प्रयोगासाठी घेऊ नका. त्या प्लेटला इतक्या हलक्या चिकटतात की धुताना थरच्या थर निघून येतो. हट्टानं घ्यायच्याच असतील तर प्लेटला आधी पॉली-लायसिनचा लेप द्या, आणि मग तो लेपच चिकटण्यावर परिणाम करतो हेही लक्षात ठेवा.

आणणं आणि सांभाळणं

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवा. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून 'पीसी-३' लिहिलेली कुपी आणू नका. नाव एक आणि पेशी दुसरी, हा प्रकार जगभर घडलेला आहे. आणल्यावर मायकोप्लाझ्माची तपासणी पीसीआरनं करून घ्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. हा जंतू मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, आणि पेशींची वाढ-चाल दोन्ही बदलून टाकतो. मीडियाचं सोपं आहे: पीसी-३ला हॅमचा एफ-१२के, डीयू-१४५ला ईएमईएम, दोन्हींत १० टक्के सीरम (रक्तातला पोषक द्रव), ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

आपल्याकडची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोल्हापूरच्या पावसात भिंतींना ओल येते, एप्रनसुद्धा दमट राहतो, आणि बुरशी इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये घुसते. ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणीच घाला. हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक कामाच्या कपाटात, जाण्याआधी बाटल्या ७० टक्के अल्कोहोलनं पुसा आणि कोरड्या होऊ द्या. पावसाळ्यात दोन पंखे लावून खोली वाळवायचा मोह होतो. पंख्याचा झोत हूडकडे येऊ देऊ नका.

ऑगस्ट २०१९चा महापूर आठवतो? शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याचा रस्ता काही दिवस बंद राहिला. आमचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपत आला होता. आम्ही रात्री बसून सगळ्या पेशी गोठवल्या. म्हणून आता मी मे महिन्यातच नियम लावते: प्रत्येक पेशीच्या, प्रत्येक बदललेल्या वाणाच्या किमान पाच कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये असल्याच पाहिजेत. ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंश या बेतानं थंड करून उणे ८० अंशांवर रात्रभर, आणि मग नायट्रोजनमध्ये. शेतकऱ्यांच्या मुलांना हे समजवावं लागत नाही. गाईला भरवायला डॉक्टर येतात तेव्हा त्यांच्या मोटरसायकलवरचा कंटेनर त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असतो. रेतनाच्या कांड्या ज्या उणे १९६ अंशांत टिकतात, त्यातच आपल्या पेशीही टिकतात.

प्रथिन घालणं आणि काढणं

काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्या. जनुक बदललेल्या पेशींसाठी ती लागतेच.

पीसी-३मध्ये पीटेन घालायचे दोन मार्ग. एक, प्लाझ्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा, मेदाच्या थेंबांत गुंडाळून थेट आत पाठवायचं. हे दोन दिवसांत होतं, पण सगळ्या पेशींत ते पोचत नाही. समजा निम्म्याच पेशींत पोचलं, तर ओरखड्याच्या कडेला उभी असलेली पेशी पीटेनवाली आहे की बिनपीटेनची, हे कळणार कसं? त्यासाठी हिरवा प्रकाश देणारं प्रथिन सोबत घाला आणि फक्त हिरव्या पेशींचा माग काढा. दुसरा मार्ग कायमस्वरूपी वाण तयार करण्याचा: जनुक पेशीच्या गुणसूत्रात बसवायचं आणि त्याचं बटण डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या हाती द्यायचं. डॉक्सिसायक्लिन घातलं की पीटेन चालू, काढलं की बंद. याला सहा-आठ आठवडे जातात. तरी वेळ असेल तर हाच मार्ग धरा. पीटेन सतत चालू असलेल्या पीसी-३ मागे पडतात आणि ज्यांनी ते कसंबसं बंद केलंय अशा पेशी फ्लास्क व्यापतात. महिन्याभरानं तुम्ही भलत्याच पेशींवर प्रयोग करत असता. बटण असलं की ही निवड होत नाही.

कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, नीट ठेवा. रिकामं प्लाझ्मिड असलेल्या पेशींनाही तेवढंच डॉक्सिसायक्लिन द्या, कारण ते स्वतः पेशींवर थोडाफार परिणाम करतं.

डीयू-१४५मधून पीटेन काढायला एसआय-आरएनए, म्हणजे ठरावीक जनुक दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे, वापरा, पण दोन वेगवेगळे. एकाच एसआय-आरएनएचा निकाल म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष. तो भलत्या जनुकालाही दाबू शकतो. दोन्हींनी तोच निकाल दिला तर विश्वास ठेवा. सोबत कशालाही न जुळणारा एक आरएनए कंट्रोल म्हणून हवाच.

मग ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून हवं ते पट्ट्याच्या (बँडच्या) रूपात पाहण्याची चाचणी. पीटेनचा बँड साधारण ५४ किलोडाल्टनला दिसतो. तो दिसला म्हणून खुश होऊन पुढे जाऊ नका. प्रथिन आहे, पण काम करतंय का? ते कळतं फॉस्फरसयुक्त एकेटीवरून. एकूण एकेटी तेवढंच राहून ४७३व्या सेरीनवरचा फॉस्फेट कमी झाला, तर पीटेन कामावर आहे. एकूण एकेटीचा ब्लॉट न करता फक्त फॉस्फरसयुक्त दाखवणारे निकाल मी परत पाठवते. आणि ब्लॉटसाठीच्या पेशी त्याच दिवशी, त्याच बॅचच्या घ्या, ज्यांच्यावर ओरखडा ओढणार आहात.

ओरखड्याआधी वाढ मोजा

हा टप्पा सगळे गाळतात. माझ्या मते तो पहिला हवा.

पीसी-३ साधारण ३३ तासांत दुप्पट होतात असं धरा. मग पूर्ण सीरममध्ये २४ तासांत पेशींची संख्या किती वाढेल? दोनचा २४ भागिले ३३वा घात, म्हणजे सुमारे १.६५ पट. एकही पेशी जागची हलली नाही तरी ६५ टक्के पेशी जास्त. ओरखडा बुजायला एवढं कितीतरी वेळा पुरतं. आता पीटेननं ही वाढ निम्मी केली असेल, तर कमी बुजलेला ओरखडा म्हणजे कमी वाढच असू शकते.

म्हणून वेगळ्या प्लेटमध्ये, ओरखड्याच्या वेळी असेल त्याच सीरममध्ये, ०, १२, २४ आणि ४८ तासांना ट्रिपॅन ब्लू (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) घालून पेशी मोजा, जिवंत किती आणि मेलेल्या किती. हिमोसायटोमीटरवर हातानं मोजलं तरी चालतं. एमटीटीची चाचणी सोयीची आहे, पण ती पेशींची चयापचय क्रिया मोजते, डोकी नव्हे. आणि पीटेन चयापचयही बदलतं. इथे डोकी मोजा.

या आकड्यांवरून पुढचं ठरतं. बारा तासांपर्यंत दोन्ही गटांची संख्या सारखी आणि चोवीस तासांना वेगळी असेल, तर तुमचा प्रयोग बारा तासांचा आहे. चोवीसचा फोटो कितीही सुंदर आला तरी.

ओरखडा

सहा वेलच्या, म्हणजे सहा खळग्यांच्या, प्लेटमध्ये पीसी-३ असतील तर प्रत्येक वेलला ८ ते १० लाख पेशी टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशी थर पूर्ण भरतो. प्लेट ठेवताना गोल फिरवू नका, पेशी मध्यभागी गोळा होतात; पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलकी हलवा. दोन्ही गटांची दाटी सारखी हवी. पीटेनवाल्या पेशी हळू वाढत असतील तर त्या थोड्या जास्त टाका. विरळ थरातली पेशी आणि दाट थरातली पेशी वेगळ्या रीतीनं चालते.

ओरखड्याआधी वाढ थांबवायची. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात मायटोमायसिन-सी दोन तास द्या आणि दोनदा धुवा. हे कर्करोगाचंच औषध आहे, डीएनएला जखडतं. हातमोजे दुहेरी घाला आणि त्याचं उरलेलं द्रव बेसिनमध्ये ओतू नका, पेशीघातक कचऱ्याच्या डब्यातच टाका. ते परवडत नसेल तर सीरम १ टक्क्यावर आणा. सीरम पूर्ण काढलं तर पीसी-३ची चालच मंदावते, आणि चालायलाच तयार नसलेल्या पेशींत पीटेनचा परिणाम दिसणार नाही.

प्लेटच्या खालच्या बाजूला मार्करनं दोन आडव्या रेघा मारा. मग २०० मायक्रोलिटरची निर्जंतुक टिप उभी धरून त्या रेघांना काटकोनात, एकाच दाबानं, एका दमात ओढा. पट्टीचा आधार घ्या. ओरखडा अर्धा ते एक मिलीमीटर रुंद येतो. हात थरथरला, कडा वाकडी आली, तर ते वेल सोडून द्या, दुरुस्त करायला दुसऱ्यांदा टिप फिरवू नका. रुंदी सारखी यायला सराव लागतो. आधी दोन प्लेटा नुसत्या सरावात घालवा.

सुटलेल्या पेशी बफरनं दोनदा हलक्या हातानं धुवा. बफर वेलच्या भिंतीवरून सोडा, थरावर नाही. धुतलं नाही तर तरंगणाऱ्या पेशी ओरखड्याच्या मध्यभागी बसतात आणि बेटासारख्या वाढतात. फोटोत असं बेट दिसलं तर ती चालून आलेली पेशी नव्हे.

फोटो ०, ६, १२ आणि २४ तासांना, त्याच मार्करच्या रेघेला धरून, तेच भिंग, तोच प्रकाश. प्रत्येक ओरखड्याच्या तीन जागा. वेळापत्रक असं आखा की रात्री दोनला कुणाला हॉस्टेलवरून यावं लागणार नाही. सकाळी साताला ओढला तर दुपारी एक, संध्याकाळी सात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात. प्रत्येक वेळी प्लेट इन्क्युबेटरबाहेर दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, थंडीनं पेशी आखडतात.

टिपेनं कडेच्या पेशी फाटतात, त्यांतून सांडलेल्या द्रव्यांनी शेजारच्या पेशी चेतवल्या जातात. हे टाळायचं तर मध्ये ५०० मायक्रोमीटरची भिंत असलेले सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात. दोन्ही बाजूंना पेशी वाढवायच्या आणि भिंत उचलायची. महाग आहेत, पण रुंदी दर वेळी सारखी येते.

मोजणी

इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ काढा. उदाहरणादाखल: सुरुवातीला ६ लाख पिक्सेल, बारा तासांना ३ लाख ६० हजार. फरक २ लाख ४० हजार, भागिले ६ लाख, म्हणजे ४० टक्के बुजलं. पण टक्केवारी फसवते. सुरुवातीला रुंद असलेला ओरखडा तेवढंच अंतर चालूनही कमी टक्के बुजतो. म्हणून रुंदीवरून वेगही काढा: सरासरी रुंदी ६०० मायक्रोमीटरवरून बारा तासांत ३६० झाली, तर २४० भागिले दोन कडा, भागिले १२ तास, म्हणजे प्रत्येक कडा ताशी १० मायक्रोमीटर पुढे सरकली. हा आकडा इतरांच्या निकालांशी ताडून पाहता येतो.

फोटोंची नावं मैत्रिणीला बदलायला सांगा आणि गट माहीत नसताना मोजा. कडा कुठे संपते हे ठरवताना डोळा आपल्याला हवं त्या बाजूला झुकतो, आणि तो प्रामाणिक माणसाचाही झुकतो.

एका प्लेटमधली तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग, तीनदा मोजलेला. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा वाढवलेल्या, पेशींवर केलेला प्रयोग मोजा, आणि असे किमान तीन हवेत. वेलांची सरासरी घ्या आणि मग त्या तीन सरासऱ्यांवर चाचणी करा. एकाच दिवसाच्या दोन गटांची जोडी धरली तर रोजचा चढउतार वगळला जातो. नऊ वेलांवर टी-टेस्ट (दोन गटांतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावून आणलेला छान पी-आकडा मी मान्य करत नाही.

जाळीतून जाणं

ओरखड्याचा निकाल दुसऱ्या पद्धतीनं पडताळा. स्टीफन बॉयडन यांनी १९६२ मध्ये, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, दोन कप्प्यांची जी पद्धत मांडली, तिचंच आजचं रूप म्हणजे ट्रान्सवेल. कर्करोगाच्या पेशींसाठी ८ मायक्रोमीटर छिद्रांची जाळी घ्या. वर ५० हजार पेशी २०० मायक्रोलिटर सीरमविरहित मीडियात, खाली ६०० मायक्रोलिटर १० टक्के सीरमचा मीडिया. बारा ते सोळा तास ठेवा. मग वरच्या बाजूच्या न गेलेल्या पेशी कापसाच्या बोळ्यानं पुसा, कडेच्या कोपऱ्यांसकट. पॅराफॉर्मल्डिहाइडनं पंधरा मिनिटं स्थिर करा, क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवा, पाच ठिकाणी मोजा.

दोन कंट्रोल विसरू नका. एका जाळीच्या खाली सीरम घालू नका. तिथेही तेवढ्याच पेशी उतरल्या तर त्या सीरमच्या ओढीनं गेल्या नव्हत्या. आणि तेवढ्याच ५० हजार पेशी साध्या वेलमध्ये टाकून तेवढ्याच वेळानं मोजा. पीटेनवाल्या पेशी चिकटायलाच कमी पडत असतील तर ते इथे कळेल, आणि जाळीचा आकडा त्या प्रमाणात दुरुस्त करता येईल.

कोणत्या हातानं?

इथपर्यंत आलात तर पीटेन चाल रोखतं की नाही, हे कळलं. कसं रोखतं, हे विचारायचं असेल तर पीटेनचे तीन बदललेले अवतार वापरा. सी१२४एस पूर्ण निकामी: मेदावरचाही फॉस्फेट काढत नाही, प्रथिनावरचाही नाही. जी१२९ई मेदावरचं काम हरवतो, प्रथिनावरचं राखतो. वाय१३८एल याच्या उलट.

सी१२४एसनंही चाल कमी झाली तर थांबा. म्हणजे विकराचं काम लागतच नाहीये. प्रथिनाची नुसती गर्दी किंवा दुसरंच काही कारण आहे. जी१२९ईनं चाल कमी झाली, पण एकेटीचा फॉस्फेट तसाच राहिला, तर चिकटबिंदूंची वाट संशयित. वाय१३८एलनं कमी झाली आणि एकेटीही घसरलं, तर मेदाची वाट. दोन्हींनी थोडी थोडी कमी झाली तर दोन्ही वाटा, आणि तसं लिहायला लाजू नका. मूळ पीटेन धरून चारही अवतार पेशीत सारख्या प्रमाणात आहेत हे ब्लॉटवर दाखवल्याशिवाय यातल्या कशालाच अर्थ नाही.

एलवाय-२९४००२सारखं औषध पीआय-३-कायनेजला अडवतं. पीटेनऐवजी ते देऊनही चाल तेवढीच कमी झाली तर मेदाच्या वाटेला दुजोरा मिळतो. पण ते इतर विकरांनाही अडवतं, म्हणून दुजोऱ्यापुरतंच.

किती बोलायचं

प्लास्टिकच्या सपाट तळावर पेशी चालल्या. शरीरात त्यांना तंतूंच्या जंगलातून वाट काढायची असते, रक्तवाहिनीत शिरायचं असतं, हाडात जाऊन रुजायचं असतं. त्यातल्या एका पायरीचा एक तुकडा आपण मोजला. पीटेन हरवणं प्रोस्टेटच्या पुढारलेल्या कर्करोगांत वारंवार दिसतं, त्यामुळे हा तुकडा महत्त्वाचा आहे. पण 'पीटेन हा कर्करोगाचा प्रसार थांबवण्याचा उपाय' असं लिहिलेलं पान गावातल्या एखाद्या रुग्णाच्या मुलानं वाचलं तर त्याच्या मनात काय उभं राहील, याचा विचार करून लिहा.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीनं ओरखड्याचा सगळा प्रयोग बारा तासांवर पुन्हा केला, कारण तिच्या पेशी चोवीस तासांना मागे पडत होत्या. फरक आधीपेक्षा लहान आला. ती नाराज होती. तिनं शेवटी लिहिलेलं वाक्य असं होतं: 'पीसी-३ पेशींमध्ये पीटेन चालू केल्यावर, पेशींची संख्या दोन्ही गटांत सारखी असताना, पहिल्या बारा तासांत ओरखड्याच्या कडेचा वेग कमी झाला; जी१२९ई अवतारात हा परिणाम दिसला नाही.' या वाक्यातला एकही शब्द मी बदलला नाही.